डेलावेअरपलीकडच्या मराठी मतदारांना खुलं पत्र

पेनसिल्व्हेनियातल्या मराठी बंधुभगिनींनो,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

२०२४ च्या ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा होता. फराळाला हातभार लावायला मी धाकट्या बहिणीकडे बक्स काउंटीत गेले होते. न्यू जर्सीतल्या माझ्या घरापासून तिचं घर पस्तीस मिनिटांवर आहे, मध्ये डेलावेअर नदी. चकलीचं पीठ मळून सोऱ्यात भरलं, पहिला घाणा कढईत सोडला आणि दारावरची बेल वाजली. एका पक्षाचे कार्यकर्ते आले होते. ते गेले तर अर्ध्या तासात दुसऱ्या पक्षाचे आले. संध्याकाळपर्यंत चार वेळा बेल वाजली आणि एक घाणा करपला. महिनाभरात टपालाने आलेली चकचकीत पत्रकं तिने एका खोक्यात टाकून ठेवली होती. ते खोकं मी सरकवायला गेले तर एका हाताने हलेना.

रात्री घरी परतले आणि आमची टपालपेटी उघडली. विजेचं बिल, किराणा दुकानाची कुपनं, शाळा समितीच्या उमेदवाराचं एक कार्ड. देशाचा राष्ट्राध्यक्ष आठवड्याभरात निवडला जाणार होता आणि त्याबद्दल आमच्या पेटीत कागदाचा कपटासुद्धा नव्हता.

आम्ही दोघी सख्ख्या बहिणी. नागरिकत्वाची शपथ दोघींनी एकाच वर्षी घेतली. कर दोघी भरतो, मुलं दोघींची इथल्याच शाळांत जातात. तरी अध्यक्षपदाच्या उमेदवारांना ती हवी असते आणि मी नको असते, कारण ती नदीच्या त्या काठाला राहते.

माझं मागणं आधीच सांगते, म्हणजे पुढे आडपडदा राहणार नाही. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष देशभरातल्या मतांच्या एकूण बेरजेवर निवडला जावा, असं मला मनापासून वाटतं. ते घडायला तुमच्या राज्याचे १९ इलेक्टर, म्हणजे राज्याच्या वतीने राष्ट्राध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी, हवे आहेत. म्हणजे आज तुमच्या मताला जे वजन आहे आणि माझ्या मताला नाही, ते तुम्ही आपणहून खाली ठेवावं, असं मी मागते आहे. हे मागणं मोठं आहे याची मला जाणीव आहे, म्हणून पत्रही जरा लांबणार आहे.

इतकी वर्षं इथे राहूनही आपल्यातल्या कितीतरी जणांना हे गणित पुरतं ठाऊक नसतं. निवडणुकीच्या दिवसांत भारतातून आईवडील आलेले असले की त्यांना ते समजावताना आपणच अडखळतो. ५० राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी मिळून ५३८ इलेक्टर. राज्याचे प्रतिनिधीगृहातले जितके सदस्य, अधिक दोन सेनेटर, तितके त्या राज्याचे इलेक्टर. २७० मिळाले की अध्यक्षपद. इथवर ठीक आहे. मेख पुढे आहे. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं सोडली तर बाकी ४८ राज्यांत ज्याला एक मत जास्त, त्याच्या पदरात राज्याचे सगळे इलेक्टर. आणि हा नियम घटनेत कुठेही नाही. इलेक्टर कसे नेमायचे ते प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाने ठरवावं, एवढंच घटना म्हणते. विधिमंडळांनी केलेला नियम विधिमंडळं बदलू शकतात. माझ्या सगळ्या पत्राचा आधार हा आहे.

न्यू जर्सीत २०२४ साली कमला हॅरिस सुमारे अडीच लाख मतांनी पुढे होत्या. डोनाल्ड ट्रम्प यांना इथे १९ लाखांहून जास्त मतं पडली. त्या १९ लाखांच्या वाट्याला एकही इलेक्टर आला नाही. १४ च्या १४ हॅरिस यांना गेले. माझे यजमान त्या १९ लाखांतले एक आहेत. मी दुसऱ्या बाजूची. त्यांचं मत वाया गेलं हे तर उघडच आहे, पण माझं तरी कुठे कामी आलं? अडीच लाखांच्या आघाडीत माझं एक मत असलं काय आणि नसलं काय, इलेक्टर तेवढेच राहिले असते. राजकारणावरून आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर आवाज चढतात. मात्र आम्हा दोघांची मतं देशाच्या बेरजेत धरली जावीत, यावर आमचं कधीच दुमत झालेलं नाही.

कॅलिफोर्निया म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाचा गड, असं आपण धरून चालतो. २०२० साली ट्रम्प यांना सगळ्यात जास्त मतं कुठल्या राज्याने दिली? कॅलिफोर्नियाने, ६० लाखांवर. टेक्सासपेक्षाही जास्त. त्या ६० लाख माणसांना निकालात काहीही जागा नव्हती. उलटीकडे टेक्सासमधल्या डेमोक्रॅटिक मतदारांचीही दर चार वर्षांनी हीच गत होते.

निकाल उलटा लागतो तेव्हा तरी हे सगळ्यांना दिसतं. २००० साली अल गोर यांना देशभरात सुमारे ५ लाख ४० हजार मतं जास्त होती. फ्लोरिडातल्या ५३७ मतांनी जॉर्ज बुश अध्यक्ष झाले. २०१६ साली हिलरी क्लिंटन २८ लाखांहून जास्त मतांनी पुढे असूनही हरल्या. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि तुमचं पेनसिल्व्हेनिया, या तीन राज्यांतला फरक मिळून ७८ हजारांच्या आत होता आणि निवडणूक त्यावर ठरली. पण हा एकाच पक्षावर झालेला अन्याय आहे असं कुणी समजू नये. २००४ साली बुश देशभरात ३० लाख मतांनी पुढे होते. ओहायोतली साधारण ६० हजार मतं इकडची तिकडे झाली असती, तर जॉन केरी अध्यक्ष झाले असते, आणि आज रिपब्लिकन पक्षाची मंडळी माझ्यासारखी पत्रं लिहीत असती. खुद्द ट्रम्प यांनी २०१२ साली इलेक्टोरल कॉलेज, म्हणजे ही इलेक्टरांची पद्धत, ही लोकशाहीवरची आपत्ती आहे असं जाहीरपणे म्हटलं होतं. २०२४ साली तर एकूण मतांतही तेच पुढे होते. एकूण मतांची पद्धत आली की आपला पक्ष कायमचा हरणार, ही भीती त्या निकालानंतर कुणी बाळगू नये.

तुमच्याकडे पाहुणे आले की तुम्ही त्यांना फिलाडेल्फियाला लिबर्टी बेल दाखवायला नेता. आम्हीही नेतो. त्यासमोरच्या इंडिपेन्डन्स हॉलमध्ये १७८७ च्या उन्हाळ्यात घटना लिहिली गेली. राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडावा, ही सूचना तिथे जूनच्या सुरुवातीलाच मांडली गेली होती, आणि मांडणारे जेम्स विल्सन हे पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी होते. तुमच्याच राज्याचा माणूस. सूचना मागे पडली. का पडली ते १९ जुलैला जेम्स मॅडिसन बोलून गेले. लोकांनी निवडणं हेच सगळ्यात योग्य, असं त्यांचंही म्हणणं होतं. पण दक्षिणेतल्या गुलामांना मताचा अधिकार नाही, तेव्हा थेट मतदानात दक्षिणेचं वजन पडणार नाही आणि ती राज्यं मान्य करणार नाहीत, ही अडचण होती. इलेक्टरांच्या पद्धतीत ती अडचण सुटली, कारण राज्याची लोकसंख्या मोजताना प्रत्येक गुलाम माणूस तीन पंचमांश धरला जाई आणि इलेक्टर त्या हिशेबाने मिळत. लहान राज्यांची काळजी, लांबचा उमेदवार लोकांना माहीत नसण्याची अडचण, ही कारणंही होती. पण शाळेत मुलांना सांगतात तशी ही निव्वळ शहाणपणाची योजना नव्हती. बहिणीची मुलगी सहावीत असताना तिला हे मी त्या इमारतीसमोरच्या हिरवळीवर बसून सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग तिने विचारलं, "मग गुलामी गेल्यावर का नाही बदललं?" मला चटकन उत्तर देता आलं नाही.

प्रयत्न झाले. १९६९ साली प्रतिनिधीगृहाने थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती ३३८ विरुद्ध ७० मतांनी मंजूर केली होती. सेनेटर बर्च बाय तिच्यासाठी झटत होते, अध्यक्ष निक्सन यांचा पाठिंबा होता. १९७० साली सेनेटमध्ये प्रामुख्याने दक्षिणेतल्या सेनेटरांनी भाषणं लांबवून ती अडवली. चर्चा थांबवायला लागणारी मतं थोडक्यात कमी पडली. इतक्या जवळ देश त्यानंतर आलेला नाही.

आता तुम्ही म्हणाल, भारतातही राष्ट्रपती थेट कुठे निवडून येतात? खरं आहे. पण आपल्या राष्ट्रपतींच्या हातात सरकार नसतं. आणि तिथलं गणितसुद्धा लोकसंख्येला धरून केलेलं आहे. १९७१ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५, सिक्कीमच्या आमदाराचं ७. शिवाय महाराष्ट्राच्या २८८ आमदारांची मतं एकगठ्ठा कुणा एकाच्या पदरात टाकत नाहीत. प्रत्येकाचं मत ज्याला पडलं त्यालाच मोजतात. इथे वायोमिंगमध्ये पावणेसहा लाख माणसांना ३ इलेक्टर आणि कॅलिफोर्नियात चार कोटींच्या आसपास माणसांना ५४. दर माणशी हिशेब केला तर वायोमिंगच्या मताला कॅलिफोर्नियाच्या मतापेक्षा साडेतीन पटींहून जास्त वजन पडतं.

मला राष्ट्रपतींपेक्षा आमच्या गावच्या सरपंचाची गोष्ट जवळची वाटते. माझं माहेर वाळवा तालुक्यातलं. पूर्वी ग्रामपंचायतीचे सदस्य निवडून यायचे आणि ते आपल्यातून सरपंच निवडायचे. काठावरचं बहुमत असलं की निकालाच्या रात्रीच दोन-तीन सदस्य गावातून नाहीसे व्हायचे. "सहलीला गेलेत" असं सांगायचे. सरपंच निवडीच्या दिवशी गाडीतून थेट कार्यालयाच्या दारात उतरायचे. २०१७ साली महाराष्ट्रात सरपंच थेट जनतेतून आले, २०२० साली ती पद्धत गेली, २०२२ साली परत आली. तिचे तोटे आहेत. सरपंच एका गटाचा आणि सदस्य दुसऱ्या गटाचे, अशी ओढाताण मी गावात पाहिली आहे. पण चुलतभावाने फोनवर जे सांगितलं ते विसरत नाही. आमची वस्ती मळ्यात, गावठाणापासून दीड मैलावर. तिथला सदस्य वर्षानुवर्षं ठरलेलाच, म्हणून सरपंचकीच्या राजकारणात तिकडे कुणी फिरकत नसे. थेट निवडणुकीच्या वेळी तो म्हणाला, "ताई, आता मळ्यापतूर यावं लागतंय त्यांना. रस्ता बघून गेले."

रस्ता लगेच झाला असं नाही. पण बघायला माणूस आला. आम्ही न्यू जर्सीवाले त्या मळ्यातल्या वस्तीसारखे आहोत. सरपंच आणि सदस्य वेगवेगळ्या गटांचे होतील, हा महाराष्ट्रातला आक्षेप इथे लागूच होत नाही, कारण इथे अध्यक्ष एका पक्षाचा आणि काँग्रेस दुसऱ्या पक्षाची हे नेहमीचंच आहे.

अमेरिकेनेही ही वाट आधी एकदा चालून पाहिली आहे. १९१३ पर्यंत सेनेटर राज्यांची विधिमंडळं निवडत. लाचलुचपत चाले, महिनोन्‌महिने निवड अडून राही. शेजारच्या डेलावेअर राज्याला १९०१ ते १९०३ या काळात एकही सेनेटर नव्हता, कारण विधिमंडळात एकमतच होईना. सतराव्या घटनादुरुस्तीने सेनेटर थेट लोकांकडून निवडले जाऊ लागले. राज्यांचं अस्तित्व काही त्याने पुसलं गेलं नाही.

आजचा मार्ग घटनादुरुस्तीचा नाही, राज्याराज्यांतल्या कराराचा आहे. त्याला नॅशनल पॉप्युलर व्होट करार म्हणतात. करारात आलेली राज्यं म्हणतात की देशभरात ज्याला जास्त मतं, त्याला आमचे सगळे इलेक्टर. मात्र करारातल्या राज्यांची बेरीज २७० झाल्यावरच हे अमलात येईल. २००७ साली मेरीलँड पहिलं आलं. आमचं न्यू जर्सी जानेवारी २००८ मध्ये आलं. २०२४ साली मेन आलं तेव्हा बेरीज २०९ झाली होती. आमच्या राज्याने जे करायचं ते केलं आहे. आता घोडं अडलं आहे ते तुमच्यासारख्या राज्यांत.

आक्षेप मी टाळणार नाही. मोठी शहरं देशावर राज्य करतील असं म्हणतात. देशातली सगळ्यात मोठी दहा शहरं एकत्र केली तरी शंभरातली आठच माणसं तिथे राहतात, आणि तीही एकाच बाजूला मत देत नाहीत. लहान राज्यांचं काय? वायोमिंग, व्हर्माँट, दोन्ही डाकोटा यांच्याकडे आज तरी कोण जातं? २०२४ साली जवळजवळ सगळा प्रचार सात अटीतटीच्या राज्यांत झाला आणि नेवाडा सोडलं तर त्यातलं एकही फारसं लहान नाही.

दुसरे आक्षेप मला वजनदार वाटतात. राज्याराज्यांतल्या करारांना काँग्रेसची संमती लागते असं घटनेत कलम आहे, आणि हा करार अमलात आला की त्यावरून कोर्टकचेरी होणारच. दुसरं म्हणजे इथे भारतासारखा एक निवडणूक आयोग नाही. प्रत्येक राज्याचे मतदार नोंदणीचे, टपाली मतांचे, फेरमोजणीचे नियम निराळे. देशभराची फेरमोजणी करायची वेळ आली तर ती कोण करणार, याचं उत्तर कराराकडे नाही. तिसरं, विजेत्याला किमान अमुक टक्के मतं पडलीच पाहिजेत, अशी अट करारात नाही. बाय यांच्या दुरुस्तीत ४० टक्क्यांची होती आणि मला ती हवी होती. पण ५३७ मतांसाठी भांडणं लागतात ती ५१ वेगवेगळ्या पेट्या असल्यामुळे. २००० साली देशाच्या एका पेटीत फरक पाच लाखांचा होता, तिथे फेरमोजणीचा प्रश्नच आला नसता. घटनादुरुस्ती या करारापेक्षा चांगली, हे मी मान्य करते. पण तिला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि ३८ राज्यं लागतात. करार गळ्याशी आला की काँग्रेसला दुरुस्तीकडे वळावंच लागेल, अशी माझी आशा आहे.

आता सगळ्यात अवघड भाग. जे हातात आहे ते तुम्ही का सोडावं?

ओहायोतल्या कोलंबसला माझी एक जुनी मैत्रीण राहते. २००४ साली तिच्याकडे निवडणुकीच्या दिवसांत तुमच्यासारखीच बेल वाजायची. अख्खा देश ओहायोकडे डोळे लावून बसला होता. आज तिची टपालपेटी माझ्यासारखी असते. फ्लोरिडाचंही तेच झालं. ५३७ मतांचं फ्लोरिडा २०२४ साली १३ टक्क्यांनी एका बाजूला गेलं आणि उमेदवारांचे ताफे तिकडून निघून गेले. तुमच्या राज्याचं हे महत्त्व तुमच्या मालकीचं नाही. लोक घरं बदलतात, कारखाने येतात जातात, आणि एका निवडणुकीत ते उतरून जातं. तुमची मुलं शिकून कॅलिफोर्नियाला, टेक्सासला जातील. मतदार म्हणून त्यांना तिथे कुणी विचारणार नाही.

आणि जे लक्ष तुम्हाला मिळतं ते कशासाठी मिळतं तेही पाहा. फ्रॅकिंगवर, म्हणजे जमिनीखालचा खडक फोडून गॅस काढण्यावर, उमेदवार काय म्हणतात याची २०२४ साली देशभर चर्चा झाली, हॅरिस यांनी २०१९ ची बंदीची भूमिका सोडली, कारण पेनसिल्व्हेनिया. गॅसवर ज्यांचं पोट आहे त्यांच्यासाठी तो खरा प्रश्न आहे. पण आपल्या घरोघरचा प्रश्न कोणता? ग्रीन कार्डची रांग. दर देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारतात जन्मलेली माणसं वर्षानुवर्षं ताटकळतात आणि मुलं २१ ची झाली की आईवडिलांच्या अर्जावरून गळतात. भारतीय वंशाचे लोक सगळ्यात जास्त कुठे आहेत? कॅलिफोर्निया, टेक्सास, न्यू जर्सी, न्यू यॉर्क, इलिनॉय. पाचही राज्यं ठरलेली. एकाही उमेदवाराला तिथल्या मतांची गरज नाही. तुम्ही त्या सात राज्यांत आहात, पण तिथे आपण मूठभर. देशाची एकच बेरीज झाली तर आमच्या एडिसनमधलं मत आणि तुमच्या एक्स्टनमधलं मत सारखंच कामाला येईल, आणि विखुरलेला समाज म्हणून आपल्याला त्याचा फायदाच आहे.

माझी विनंती छोटी आहे. तुमच्या विधिमंडळात २०३ प्रतिनिधी आणि ५० सेनेटर आहेत. त्यातला एकेक तुमचा आहे. त्यांचं स्थानिक कार्यालय बहुधा एखाद्या पिझ्झाच्या दुकानाशेजारी असतं, गाडीच्या कागदपत्रांसाठी कधीतरी तुम्ही तिथे जाऊनही आला असाल. तिथे फोन करा. आपण याच मतदारसंघात राहतो हे आधी सांगा, मग विचारा की या करारावर त्यांचं मत काय आहे. उत्तर लिहून घ्या. ते रिपब्लिकन असोत की डेमोक्रॅट, प्रश्न तोच ठेवा. मंडळाच्या गणपतीत चारशे माणसं जेवतात. त्यातल्या चाळीस जणांनी एवढं केलं तरी त्या कार्यालयातल्या मुलीला हा विषय पाठ होईल.

बहिणीने येत्या शुक्रवारी दुपारी तीनची वेळ घेतली आहे. तिला नुसतं बोलायचं तर घशाला कोरड पडते, म्हणून मी तिच्याबरोबर जाणार आहे. कागदावर मुद्दे लिहून दिलेत, गाडी मी चालवीन. आत मात्र तीच जाईल, कारण ते प्रतिनिधी तिचे आहेत, माझे नाहीत. भाचीही आता मतदार झाली आहे, तीही शाळा सुटल्यावर तिकडे येणार आहे. तिने तिचा तो जुना प्रश्न त्यांना विचारायचं ठरवलंय.

कळावे, लोभ असावा.

आपली,
नदीच्या अलीकडची एक मतदार
न्यू जर्सी